संयोगविचार : मसाल्याची द्रव्ये, आयुर्वेदीय कल्प आणि आधुनिक औषधे

रक्तदाब, मधुमेह, थायरॉइड वा हृद्रोग यांसाठी आधुनिक औषधे नित्य घेणारे अनेक रुग्ण आज आपल्या चिकित्सालयात येतात. त्यांना आपण चूर्ण, गुग्गुळकल्प किंवा काढा देतो. घरी त्यांचे मेथीदाणे, कारल्याचा रस, हळदीचे दूध चालूच असते. या तिन्हींची एकत्र नोंद मात्र बहुधा कोणापाशीच नसते. ‘वनस्पतीचे औषध, त्याने अपाय कसला?’ हा समज रुग्णांत रूढ आहे. परंतु त्याला आपल्या शास्त्राचा आधार नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सव्विसाव्या अध्यायात विरुद्धाचे अठरा प्रकार सांगताना मात्रा, संस्कार, क्रम व संयोग यांचा स्वतंत्र निर्देश आहे. विमानस्थानाच्या पहिल्याच अध्यायात पिंपळी, क्षार व लवण यांच्या अतिसेवनाविषयी इशारा आहे. हाच संयोगविचार आधुनिक औषधांपर्यंत विस्तारणे आता अगत्याचे झाले आहे.

परस्परक्रिया मुख्यत्वे तीन मार्गांनी घडते.

१) शोषणात अडथळा : इसबगोल आतड्यात फुगून औषधास धरून ठेवतो. थायरॉक्सिन व लिथियम यांचे शोषण त्यामुळे घटू शकते. सकाळी अनशेपोटी थायरॉक्सिन घेणाऱ्या रुग्णास इसबगोल रात्री द्यावा. दोहोंत किमान चार तासांचे अंतर असावे.

२) चयापचयात बदल : मिरी व पिंपळी यांतील पाइपरिन हे यकृत व आतडे यांतील औषध-विघटन करणाऱ्या विकरांस, तसेच औषध परत आतड्यात लोटणाऱ्या वाहक प्रथिनास मंद करते. बंगळूर येथे झालेल्या व १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात २ ग्रॅम कर्क्युमिनसह २० मि.ग्रॅ. पाइपरिन दिले असता मानवी रक्तातील कर्क्युमिनची उपलब्धता सुमारे वीसपट वाढली. फेनिटोइन, प्रोप्रानोलॉल व थिओफायलिन यांची रक्तपातळीही पाइपरिनमुळे वाढल्याचे अभ्यास आहेत. याच गुणाचा उपयोग करून रिफॅम्पिसिनची मात्रा २०० मि.ग्रॅ. ठेवून १० मि.ग्रॅ. पाइपरिन जोडलेले क्षयरोगाचे औषध भारतात २००९ साली बाजारात आले. त्रिकटू वा सितोपलादी लिहून देताना हा प्रभाव ध्यानी असावा. उलट दिशेचे उदाहरण गुग्गुळाचे : १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात निरोगी स्वयंसेवकांत गुगुलिपिडमुळे प्रोप्रानोलॉल व डिल्टियाझेम यांची रक्तातील उपलब्धता घटली.

३) कर्माची भर वा विरोध : कारले आणि क्लोरप्रोपामाइड यांच्या एकत्र परिणामाची नोंद १९७९ सालीच वैद्यकीय नियतकालिकात झाली होती. ग्लिमेपिराइडसारख्या गोळीबरोबर कारल्याचा रस वा मेथीचूर्ण नेमाने घेतल्यास रक्तशर्करा धोकादायकरीत्या उतरू शकते. ज्येष्ठमध अधिक मात्रेत दीर्घकाळ दिल्यास रक्तदाब वाढतो व पोटॅशियम घटते. फ्युरोसेमाइडसारख्या मूत्रल औषधाने ही घट वाढते आणि डिगॉक्सिन चालू असल्यास हृदयाची लय बिघडण्याचा धोका संभवतो.

या विषयाचे गांभीर्य दाखविणारी एक नोंद आपल्याच प्रांतातील आहे. फेनिटोइनने आटोक्यात असलेल्या अपस्माराच्या दोन रुग्णांना शंखपुष्पीचा कल्प चालू असताना पुन्हा झटके आले. मुंबईच्या संशोधकांनी त्याचा मागोवा घेऊन १९९२ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. उंदरांवरील प्रयोगात दोन्ही औषधे काही दिवस सोबत दिल्यावर फेनिटोइनची रक्तपातळी व झटके रोखण्याचे सामर्थ्य, दोन्ही घटली. त्याच प्रयोगात शंखपुष्पीकल्पाचे स्वतःचे अपस्मारहर कर्मही दिसून आले. द्रव्य गुणकारीच होते. दोष संयोगाचा होता. संयोगाची चौकशी न झाल्यास त्याची किंमत रुग्ण मोजतो, आणि दोष मात्र शास्त्रावर येतो.

मग रुग्णाच्या फोडणीतील हळद, लसूण, मिरी बंद करावी काय? आमच्या मते मुळीच नाही. अर्धा चमचा, म्हणजे सुमारे दीड ग्रॅम हळदीत कर्क्युमिन साधारण ४५ मि.ग्रॅ. असते, ९५ टक्के अर्काच्या ५०० मि.ग्रॅ. कॅप्सूलमध्ये ते ४७५ मि.ग्रॅ. भरते, आणि त्यात पुष्कळदा पाइपरिनही घातलेले असते. पहिला आहार होय, दुसरे औषध. वॉरफॅरिन घेणाऱ्या एका रुग्णाने हळदीचे असे उत्पादन सुरू केल्यावर त्याचा आय.एन.आर. दहाच्या वर गेल्याची नोंद न्यूझीलंडच्या औषध-नियामकाने २०१८ साली प्रसिद्ध केली. नित्याच्या आहारात सातत्य राखावे. अर्क, रस, कॅप्सूल यांची औषधाप्रमाणेच चौकशी करावी.

वैद्यबंधू व औषधालय-चालक यांनी पुढील नियम पाळावेत, अशी आमची सूचना आहे.

• वॉरफॅरिन, डिगॉक्सिन, फेनिटोइन, लिथियम, थिओफायलिन, सायक्लोस्पोरिन व टॅक्रोलिमस यांची उपयुक्त व घातक मात्रा जवळजवळ असते. ही नावे मेजावर व गल्ल्यापाशी लावून ठेवावीत. यांपैकी काही चालू असल्यास संबंधित चिकित्सकास कळविल्याशिवाय नवा कल्प देऊ नये.
• रुग्णास सर्व गोळ्यांची पाकिटे घेऊन येण्यास सांगावे. ‘घरगुती काय घेता?’ हा प्रश्न स्वतंत्रपणे विचारून उत्तर नोंदवावे.
• नवा कल्प एका वेळी एकच सुरू करावा. रक्तशर्करा, रक्तदाब वा आय.एन.आर. यांची तपासणी कल्प सुरू करताना करावी, तशीच तो थांबवितानाही करावी.
• आधुनिक औषध रुग्णास परस्पर बंद करावयास सांगू नये.
• नियोजित शस्त्रक्रियेपूर्वी सुमारे दोन आठवडे लसूण, आले, हळद यांचे अर्क थांबवावेत व शल्यचिकित्सकास तसे कळवावे.
• चिठ्ठीविना कॅप्सूल वा अर्क मागणाऱ्या ग्राहकास ‘दुसरे कोणते औषध चालू आहे?’ असे विचारल्यावाचून विक्री करू नये.
• संशयित दुष्परिणाम आयुष औषध-दक्षता कार्यक्रमाच्या जवळच्या केंद्राकडे कळवावा. नवी दिल्लीची अखिल भारतीय आयुर्वेद संस्था हे त्याचे राष्ट्रीय समन्वय केंद्र आहे.

युक्ती हा चिकित्सेचा पाया मानणाऱ्या परंपरेचे आपण वारस आहोत. रुग्णाच्या पिशवीतील प्रत्येक पाकीट पाहूनच आपली मात्रा ठरविणे, हा त्या युक्तीचाच आजचा भाग होय.