गुण आणि गुणग्रहण

मराठींत ‘गुण’ हा शब्द दोन अर्थांनीं नित्य वापरला जातो. परीक्षेंत विद्यार्थ्याला मिळतात तेही गुण, आणि गवयाच्या गळ्यांत असतात तेही गुणच. पहिले मोजतां येतात. दुसरे ओळखावे लागतात. संगीताविषयीं लिहिणाराचा संबंध वस्तुतः दुसऱ्या प्रकारच्या गुणांशीं. परंतु आंतरजालावरील संगीतसमीक्षेचा गेल्या तीस वर्षांचा इतिहास पाहिला, तर तेथें या दोन अर्थांची मोठी गल्लत झालेली दिसते. या समीक्षेचा दर्जा घसरला आहे, कीं पूर्वींच्या छापील समीक्षेहून ती सरस आहे, हा वाद पाश्चात्त्य देशांत अजून चालूच आहे. त्या वादाचें मर्म बव्हंशीं या गल्लतींतच सांपडतें.

ही समीक्षा जन्माला आली तेव्हां तिच्यापाठीमागें कोणता वारसा होता, तें प्रथम पाहावें. १८३४ सालीं जर्मनींतील लाइपझिग शहरीं रॉबर्ट शूमान या संगीतरचनाकारानें मित्रांच्या साह्यानें संगीताला वाहिलेलें एक नियतकालिक काढलें. त्याच्या लेखांत फ्लोरेस्टान आणि यूसेबियस अशीं दोन कल्पित पात्रें येत. एक उसळत्या रक्ताचा, दुसरा सौम्य व अंतर्मुख. एखाद्या नव्या रचनेविषयीं हे दोघे बोलत, मतभेद मांडीत, आणि तें वाचतां वाचतां वाचकाचें स्वतःचें मत तयार होई. समीक्षा हें न्यायाधीशाचें निकालपत्र नसून जाणत्यांचा संवाद आहे, ही कल्पना त्या लेखांच्या घडणींतच होती. पुढें लंडनमध्यें बर्नार्ड शॉ यानें १८८८ पासून ‘स्टार’ या वृत्तपत्रांत ‘कॉर्नो दि बासेटो’ या टोपणनांवानें संगीतावर लिहिलें. त्याची लेखणी तिखट होती, आणि ती चुकलीही. ब्राम्सच्या ‘जर्मन रेक्विएम’ची त्यानें यथेच्छ टवाळी केली, उत्तरायुष्यांत ही आपली चूक त्यानें कबूल केली. चूक करण्याचा आणि ती कबूल करण्याचा, असे दोन्ही अधिकार समीक्षकाला असतात. पुढील हकीकतींत याचा पुन्हां प्रत्यय येईल.

विसाव्या शतकांत ध्वनिमुद्रिका घरोघर गेल्या आणि समीक्षेवर एक नवें काम येऊन पडलें. तबकडी विकत घेतल्यावांचून तींत काय आहे हें सामान्य माणसाला कळण्याचा मार्ग फारसा नव्हता. पैसे आधीं, ऐकणें मागाहून, असा तो व्यवहार होता. तेव्हां हा माल घ्यावा कीं न घ्यावा, एवढें सांगणारा कोणी तरी हवा होता. १९६७ सालीं अमेरिकेंत सान फ्रान्सिस्को येथें ‘रोलिंग स्टोन’ निघालें. १९६९ पासून न्यूयॉर्कच्या ‘व्हिलेज व्हॉइस’ साप्ताहिकांत रॉबर्ट क्रिस्टगाऊ यानें ‘ग्राहकांचा मार्गदर्शक’ अशा अर्थाचें सदर चालविलें. त्यांत थोडक्या ओळींचा मजकूर आणि शेवटीं शाळेंतल्यासारखी एक श्रेणी असे. त्या ओळी मोठ्या कसदार असत. परंतु घाईंत असलेल्या गिऱ्हाइकाची नजर प्रथम श्रेणीवर जाणें साहजिक होतें.

या पार्श्वभूमीवर १९९६ च्या सुमारास मिनियापोलिस शहराच्या परिसरांत रायन श्रायबर नांवाच्या एका तरुणानें ‘पिचफोर्क’ हें संकेतस्थळ सुरू केलें. शाळा नुकतीच संपलेली, गांठीं लेखनाचा अनुभव नाहीं, आणि भांडवल म्हणजे घरांतला संगणक. मोठ्या कंपन्यांच्या आश्रयाबाहेर राहून गाणारे-वाजविणारे जे वाद्यवृंद होते, त्यांना छापील मासिकांत जागा थोडी मिळे. पिचफोर्कनें ती उणीव भरून काढली. कागदाचा खर्च नाहीं आणि जागेची टंचाई नाहीं, त्यामुळें परीक्षणें हवीं तेवढीं लांब होऊं लागलीं. प्रत्येक परीक्षणाच्या माथ्यावर मात्र एक आंकडा असे. तो ०.० पासून १०.० पर्यंत कोठेंही असूं शके, आणि तोही दशांश चिन्हासह. आतां ८.३ आणि ८.४ यांत कानाला जाणवणारा भेद कोणता, हें सांगणें कोणालाही कठीण आहे. तरीही त्या दशांशामुळें मताला मोजमापाचा भास आला. वैद्यानें नाडी पाहून सांगितलेला ताप आणि तापमापकानें दाखविलेला ताप, यांपैकीं लोकांचा विश्वास दुसऱ्यावर अधिक बसतो. येथें पाहिली होती नाडीच. आंकडा मात्र तापमापकाच्या थाटांत सांगितला जात होता.

या आंकड्याचें सामर्थ्य २००४ सालच्या सप्टेंबर महिन्यांत दोन्ही अंगांनीं दिसून आलें. कॅनडांतील ‘आर्केड फायर’ या नवख्या वाद्यवृंदाच्या ‘फ्युनरल’ या संग्रहाला ९.७ गुण मिळाले. प्रकाशक कंपनी लहान होती. मागणी इतकी वाढली कीं तिच्याजवळच्या प्रती संपून गेल्या. त्याच महिन्यांत वॉशिंग्टनच्या ट्रॅव्हिस मॉरिसन याच्या ‘ट्रॅव्हिस्टन’ या संग्रहाला ०.० गुण मिळाले. मॉरिसन हा कोणी उपटसुंभ नव्हता; ‘डिसमेंबरमेंट प्लॅन’ या त्याच्या पूर्वींच्या वाद्यवृंदाला याच संकेतस्थळानें डोक्यावर घेतलें होतें. परीक्षण निघेपर्यंत श्रोते आपल्याला आपला माणूस समजत होते आणि मग एका रात्रींत त्यांची दृष्टि पालटली, असें त्यानें पुढें सांगितलें. गाणाराच्या उपजीविकेचा प्रश्न एका आंकड्याशीं कसा बांधला गेला होता, हें यावरून कळतें.

येथें समीक्षकाच्या बाजूनेंही बोललें पाहिजे. टीका करण्याचा त्याचा अधिकार काढून घेतला, तर समीक्षा जाहिरातीची दासी होईल. फसलेल्या गाण्याला फसलेलें म्हणणारा कोणी नसेल, तर चांगल्याची स्तुतिही पोकळ ठरेल. तेव्हां मॉरिसनचा संग्रह नावडणें हा कांहीं दोष नव्हे. दोष आहे तो शून्यांत. चाल फसली कीं शब्द फसले, ठेका सैल पडला कीं ध्वनिमुद्रण बिघडलें, हें समीक्षकानें दाखवून दिलें, तर वाचक स्वतः ऐकून त्याच्याशीं भांडूं शकतो. शून्याशीं भांडतां येत नाहीं. तें एक तर निमूटपणें मान्य करावें लागतें, नाहीं तर त्यावर नुसतें रागवावें लागतें. परीक्षणाच्या मजकुरांत कारणें असलीं, तरी ज्या दुकानदारानें अगर श्रोत्यानें केवळ माथ्यावरचा आंकडा पाहिला, त्याच्यापर्यंत तीं पोंचतच नाहींत.

दुसरें उदाहरण याहून बोधप्रद आहे. लिझ फेअर ही गायिका १९९३ सालच्या आपल्या पहिल्याच संग्रहानें नांवारूपाला आली होती. २००३ सालीं तिनें अधिक लोकप्रिय वळणाचा एक संग्रह काढला, तेव्हां पिचफोर्कनें त्यालाही ०.० गुण दिले. परीक्षण लिहिणारा मॅट लमे हा तेव्हां अगदीं तरुण होता. २०१९ सालीं त्यानें जाहीरपणें क्षमा मागितली आणि आपलें तें लेखन तुच्छतेच्या सुरांत लिहिलेलें होतें, असें मान्य केलें. फेअर हिनेंही मन मोठें करून ती क्षमायाचना स्वीकारली. शॉप्रमाणेंच येथें चूक घडली आणि शॉप्रमाणेंच ती कबूलही झाली. परंतु दोहोंत एक अंतर आहे. जुनें वृत्तपत्र चार दिवसांनीं रद्दींत जाई, आणि त्यांतला लेख पुन्हां पाहावयाचा तर ग्रंथालयाची पायरी चढावी लागे. आंतरजालावर कालचा मजकूर आणि वीस वर्षांपूर्वींचा मजकूर शेजारीं शेजारीं, सारख्याच टवटवीत अक्षरांत उभे असतात. त्या गायिकेचें नांव शोधणाराला तें शून्य वर्षानुवर्षें भेटत राहिलें. म्हणून या माध्यमांत लिहिणाराची जबाबदारी वृत्तपत्रांत लिहिणाराहून कमी नसून अधिक आहे.

२०२१ सालीं, आपल्या पंचविसाव्या वर्षाच्या निमित्तानें, पिचफोर्कनें १९ संग्रहांचे गुण नव्यानें ठरवून प्रसिद्ध केले. लिझ फेअरचें शून्य ६.० वर गेलें. ‘डॅफ्ट पंक’ या फ्रेंच जोडीच्या ‘डिस्कव्हरी’ या २००१ सालच्या संग्रहाला आरंभीं ६.४ मिळाले होते, त्यांचे १०.० झाले. उलट, न्यूयॉर्कच्या ‘इंटरपोल’ या वाद्यवृंदाच्या पहिल्या संग्रहाचे ९.५ होते, ते ७.० वर उतरले. हा प्रामाणिकपणा म्हणावा कीं सारवासारव, याविषयीं मतभेद होणें स्वाभाविक आहे. मात्र एक गोष्ट त्यावरून सिद्ध झाली. दशांशापर्यंत नेमका वाटणारा आंकडा हा त्या त्या काळच्या रुचीचा आंकडा होता. ध्वनिमुद्रण वीस वर्षांत बदललेलें नव्हतें. ऐकणारे बदलले होते. कारणें देऊन लिहिलेलें परीक्षण जुनें झालें, तरी त्या काळीं लोक कोणत्या कानांनीं ऐकत होते याचा पुरावा म्हणून तें उपयोगीं पडतें. नुसत्या आंकड्याला असा उपयोग नाहीं.

दरम्यान समीक्षेचें व्यापारी प्रयोजनच बरेंचसें नाहींसें झालें. १९९९ सालीं ‘नॅपस्टर’ आलें आणि लोक एकमेकांस गाणीं फुकट देऊं लागले. २००८ सालीं स्वीडनमधील ‘स्पॉटिफाय’ सुरू झालें. पुढें मासिक वर्गणी भरून अगर मध्यें मध्यें जाहिराती ऐकून कोट्यवधि गाणीं श्रोत्याच्या हाताशीं आलीं. संग्रह घ्यावा कीं न घ्यावा, हें समीक्षकाला विचारण्याचें कारण उरलें नाहीं. ज्यांनीं ग्राहकाला सल्ला देणें हेंच समीक्षेचें काम मानलें होतें, त्यांना हा समीक्षेचा अंत वाटला. वास्तविक ही तिची मोठी सोय झाली आहे. शूमाननें एखाद्या नव्या रचनेची महति गाइली, तरी लाइपझिगबाहेरच्या वाचकाला ती ऐकण्यासाठीं स्वरलेखन मिळवून पियानोपाशीं बसावें लागे, नाहीं तर मैफलीची वाट पाहावी लागे. आजचा वाचक परीक्षण वाचतां वाचतां तें गाणें लावूं शकतो. अमुक ठिकाणीं ढोल थांबतो आणि आवाज उघडा पडतो, असें समीक्षकानें लिहिलें, तर तें खरें कीं खोटें याचा निवाडा तत्क्षणीं होतो. समीक्षकाची इतकी कडक परीक्षा पूर्वीं कधींच होत नव्हती.

ही परीक्षा उतरण्यास दोन गोष्टी लागतात: सवड आणि निर्भयता. दोहोंचीही आज वाण पडली आहे. पिचफोर्क २०१५ सालीं ‘कॉन्डे नॅस्ट’ या मोठ्या प्रकाशनसंस्थेनें विकत घेतलें, आणि २०२४ च्या जानेवारींत तें पुरुषांसाठीं निघणाऱ्या ‘जीक्यू’ या मासिकाच्या छत्राखालीं आणून अनेक कर्मचाऱ्यांना नारळ देण्यांत आला. संकेतस्थळ त्यानंतरही चालू राहिलें. परंतु एवढ्या वजनाच्या ठिकाणींही समीक्षेची नोकरी किती अस्थिर आहे, हें तेव्हां उघड झालें. मध्यरात्रीं संग्रह प्रसिद्ध व्हावा आणि सकाळीं त्याचें परीक्षण तयार असावें, अशी अपेक्षा जेथें असते, तेथें दोनदां ऐकण्याला वेळ कोठून यावा? निर्भयतेची गोष्टही अशीच. २०२४ सालीं टेलर स्विफ्ट या गायिकेच्या नव्या संग्रहाचें प्रतिकूल परीक्षण ‘पेस्ट’ या अमेरिकन नियतकालिकानें लेखकाचें नांव न देतां छापलें. २०१९ सालीं तिच्याच एका संग्रहाविषयीं लिहिणाराला हिंसेच्या धमक्या आल्या होत्या, असें कारण त्यानें दिलें. टोपणनांव ही गोष्ट मराठी वाचकाला नवी नाहीं; केशवराव भोळे यांनीं ‘एकलव्य’ व ‘शुद्धसारंग’ या नांवांनीं संगीतावर लिहिलें आहे. पण टोपणनांवालाही स्वतःची ओळख असते, त्याच्या मागील मतांशीं नवीं मतें ताडून पाहतां येतात. भीतीपोटीं कोरी सोडलेली जागा ही निराळी गोष्ट आहे. तेथें कोणाला जाब विचारावा, हें वाचकाला कळत नाहीं. आणि हा दोष लेखकाचा नसून धमक्या देणाऱ्या श्रोत्यांचा आहे.

तेव्हां आंतरजालावरील समीक्षा सरसकट हिणकस म्हणणें बरोबर नाहीं, आणि ती मुक्त आहे म्हणून आपोआप चांगली असेल असेंही नाहीं. तिच्यांतील धान्य आणि फोल निवडण्याचें काम आतां संपादकापेक्षां वाचकाकडेच अधिक आलें आहे. त्याला एक साधी युक्ति करतां येण्यासारखी आहे. परीक्षण उघडल्यावर पडद्यावरील आंकड्यावर अंगठा ठेवून तो झांकावा आणि मजकूर शेवटपर्यंत वाचावा. मग गाणें लावून पुन्हां ऐकावें. पहिल्या खेपेस जें कानांवरून नुसतें गेलें होतें, तें या खेपेस थांबून ऐकावेंसें वाटलें, मग तें आवडो वा न आवडो, तर त्या लिहिणारानें आपलें काम केलें, असें खुशाल समजावें. अंगठ्याखालीं कोणता आंकडा होता, हें त्यानंतर पाहिलें तरी चालेल.