एक भागिले दोन

“आई, एक भागिले दोन किती?” रात्री अकरा वाजता लेकीनं विचारलं.

“अर्धा. का गं?”

“हा शून्य म्हणतोय!” पोरगी अगदी रडकुंडीला आली होती. प्रोजेक्ट चार दिवसांवर आला होता.

ती एम.एस्सी. फिजिक्सला आहे. धातूच्या पट्टीचं एक टोक गरम आणि दुसरं थंड ठेवलं, तर मधे कुठं किती तापमान राहील, हे काढणारा प्रोग्रॅम तिला करायचा होता. मधल्या प्रत्येक ठिकाणचं तापमान म्हणजे शेजारच्या दोघांची सरासरी. म्हणून तिनं बेरजेला ‘१/२’नं गुणलं, आणि मधली सगळी पट्टी शून्यावर गेली!

सरांनी फोरट्रान सुचवली होती. शास्त्रीय आकडेमोडीसाठीच ही भाषा आयबीएममध्ये जॉन बॅकस यांच्या गटानं तयार केली, ती १९५७ साली बाहेर आली. वेगात ती आजही मागे नाही. पण तिच्यात पूर्णांकाला पूर्णांकानं भागलं की उत्तरही पूर्णांकच मिळतं, उरलेलं ती सोडून देते. ‘१.०/२.०’ लिहिलं की अर्धा मिळतो. एका टिंबापायी दोन दिवस गेले!

मैत्रिणी म्हणत होत्या, पायथन घे. १९९१ मध्ये आलेली ही भाषा वाचायला सोपी. २००८ साली आलेल्या तिच्या तिसऱ्या आवृत्तीपासून १/२ म्हणजे ०.५च. ती एकटी लांबलचक आकडेमोडीत हळू चालते खरी, पण नमपाय जोडलं की जड काम आतल्या आत सी भाषेतून भराभर उरकतं.

“तुझ्यामागून हा प्रोग्रॅम कोण वापरणार?” मी विचारलं.

“पुढच्या वर्षीच्या मुली.”

“मग त्यांना वाचता येईल त्या भाषेत लिही.”

तिनं पायथन घेतली. सरांना मात्र खात्री हवी होती. सोपी भाषा घेतली म्हणून उत्तर आपोआप बरोबर येत नाही. पायथनमध्येही ०.१ आणि ०.२ यांची बेरीज ०.३ला बारीकसा फरक दाखवते, कारण कॉम्प्युटर दोनाच्या पटीत मोजतो. म्हणून म्हटलं, आधी तोंडी येईल असं गणित घाल. एक टोक शंभर अंश, दुसरं शून्य. मधोमध किती?

पडद्यावर पन्नास आलं. मग तेच गणित तिनं दुरुस्त केलेल्या फोरट्रानमध्येही घातलं. तिथंही पन्नास!

मैत्रिणींनो, भाषा कुठलीही निवडा, पहिला ताळा आपल्या हातचा असू द्या.