शस्त्रक्रियेनंतर विमान कधी?

2003 मध्ये दिल्ली-लाहोर बस पुन्हा सुरू झाली, तेव्हा त्या बसने पाकिस्तानातली एक चिमुरडी हृदयाच्या उपचारासाठी आली. बंगळुरूच्या नारायण हृदयालयात तिच्यावर शस्त्रक्रिया झाली. तिथे रोज इतक्या शस्त्रक्रिया होतात की महागडी यंत्रं रिकामी राहत नाहीत. म्हणून खर्च उतरतो आणि दुरूनही रुग्ण येतात. परतीच्या प्रवासाचा विचार मात्र राहून जाऊ शकतो, आणि धोका तिथेच आहे. विमानात हवेचा दाब 6 ते 8 हजार फूट उंचीवर असतो तेवढाच, म्हणजे कळसूबाईच्या शिखरावरच्या दाबापेक्षाही कमी. प्राणवायू कमी मिळतो, छातीत साचलेली हवा फुगते. तासन्‌तास बसून पायांत रक्ताच्या गुठळ्याही होऊ शकतात. बायपासनंतर निदान 10 दिवस विमान टाळा. पुढेही डॉक्टरांनी तपासल्याशिवाय परतीचं तिकीट काढू नका.