जॉब ओके होण्याआधी

सकाळी ६.४०. पहिल्या पाळीची माणसं सीना नदीचा पूल ओलांडून नागापूरच्या एमआयडीसीत शिरू लागली की नगर-मनमाड रस्ता मोटारसायकलींनी भरून जातो. इथे स्विचगिअर आणि विजेच्या मोटारी बनवणारे मोठे कारखाने आहेत. त्यांच्या भोवती शाफ्ट, ब्रॅकेट, रिंगा, टर्मिनल असा माल करणारी लहान वर्कशॉप आहेत. आमचं त्यातलंच एक. एका शेडमध्ये सीएनसी लेथ आणि ग्राइंडिंग, शेजारच्या शेडमध्ये पॉवर प्रेस. मी क्वालिटी बघतो. म्हणजे लोकांच्या समजुतीप्रमाणे मापं घेतो. पण माप घेईपर्यंत जॉबचं जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. माझं खरं काम त्याच्या आधीचं आहे.

७.००. मशीन चालू करायच्या, पण जॉब लावायचा नाही. पंधरा-वीस मिनिटं स्पिंडल रिकामा फिरू द्यायचा. बेअरिंग तापतात, स्पिंडल किंचित वाढतो, मग स्थिरावतो. थंड मशीनवर लगेच माल सुरू केला तर पहिले दहा-बारा जॉब एकेका मायक्रॉनने सरकत जातात, ऑपरेटर ऑफसेट देत राहतो, आणि मशीन गरम झाल्यावर तोच ऑफसेट उलटा काढावा लागतो.

तोवर मी कूलंट बघतो. रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर एक थेंब टाकायचा आणि उजेडाकडे धरून आकडा वाचायचा. मे महिन्यात टाकीतलं पाणी उडून जातं, तेल मागे राहतं आणि मिश्रण घट्ट होतं. म्हणून टॉपअप पातळ मिश्रणाने करायचा. मिश्रण करताना पाण्यात तेल ओतायचं, तेलात पाणी कधीच नाही, नाहीतर ते नीट एकजीव होत नाही. बोअरचं जड पाणी वापरलं तर त्यातले क्षार टाकीत साठत जातात, तेल फुटून वर साय धरते, आणि मग रात्री ठेवलेल्या मालावर सकाळी गंज दिसतो. गंज दिसला की सगळे मटेरियलला बोल लावतात.

७.३०. फर्स्ट पीस. मोटारीचा शाफ्ट, बेअरिंग सीट २५ मिलिमीटर, के-६. म्हणजे माप २५.००२ ते २५.०१५. तेरा मायक्रॉनची जागा.

या तेरा मायक्रॉनवर मी रोज सगळ्यांत जास्त वेळ देतो. आयटीआय करून आलेला नवा ऑपरेटर ग्राइंडिंगवरून काढलेला जॉब लगेच मायक्रोमीटरमध्ये धरतो आणि म्हणतो, “भाऊ, २५.०१०. एकदम मधोमध आहे.” मी त्याला जॉब हातात धरायला सांगतो. कोमट लागतो? थोडा जास्तच? मग तो सरफेस प्लेटवर ठेव, पुढचा जॉब कर, आणि मग परत माप. पोलाद दर अंशाला मीटरमागे साधारण साडेअकरा मायक्रॉन वाढतं. जॉब शेडपेक्षा ३० अंशांनी गरम असेल तर २५ मिलिमीटरला साडेआठ मायक्रॉनची सूज असते. मघाचा २५.०१० गार झाल्यावर २५.००१ भरतो, म्हणजे रिजेक्ट. मापात खोट नव्हती, ते चुकीच्या वेळी घेतलं होतं.

मापासाठी जगभर २० अंश हे संदर्भ तापमान धरतात. नगरच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडमध्ये २० अंश कुठून आणणार? पण पोलादी जॉब आणि पोलादी मास्टर दोन्ही सारखेच तापलेले असतील तर दोघं बरोबरीने वाढतात, काम निभावतं. ॲल्युमिनियमला हे चालत नाही, ते पोलादाच्या जवळजवळ दुप्पट वाढतं. ३८ अंशांच्या शेडमध्ये १०० मिलिमीटरचा ॲल्युमिनियम जॉब पोलादी गेजवर सुमारे २० मायक्रॉन मोठा दिसतो. त्या जॉबला एसीची खोली लागते, निदान हिशेब तरी लागतो.

ग्राइंडिंगचं आणखी एक. इनफीड वाढवला किंवा चाक ड्रेस न करता चालवलं की सीटवर निळसर-तपकिरी डाग येतो. वरून पॉलिश मारली तर डाग जातो, खाली जळालेला थर मात्र राहतो, त्यात ताण असतो आणि कधी बारीक चीरही असते. असा जॉब मी बाजूला काढतो, माप कितीही सुंदर असो.

९.१५. चहा उभ्यानेच. लेथवर फिनिश खराब येतंय म्हणून हाक आली. इन्सर्टचा नोज ०.८, फीड ०.२. कागदावरच्या हिशेबाने टूलच्या खुणांची उंची सव्वासहा मायक्रॉन. फीड ०.१ केला तर ती निम्मी होत नाही, चौथा हिस्सा होते, दीड मायक्रॉनच्या आसपास. पण फीड फारच कमी केला तर धार कापायचं सोडून घासते. आणि स्पीड कमी असेल तर मऊ पोलाद टिपच्या टोकावर चिकटून बसतं, सुटताना पृष्ठभाग ओरबाडतं. इथे तेच झालं होतं. फीडला हात न लावता स्पीड वाढवला, फिनिश आलं.

११.००. वर स्पीडची उलट बाजू. आकडा गाठायचा म्हणून सुपरवायझर २० टक्के स्पीड वाढवा म्हणतात. फ्रेडरिक टेलरने २६ वर्षं प्रयोग करून १९०६ साली मांडलेलं सूत्र आजही उपयोगी पडतं: कार्बाइडला २० टक्के स्पीड वाढला की टिपचं आयुष्य जवळपास निम्म्यावर येतं. टिप मध्येच बसली तर बदलण्यात वेळ जातो, आणि बसायच्या आधीचे जॉब मापात सरकलेले असतात. मी नको म्हटलं.

११.४०. पातळ रिंग. लेथवर बोअर गोल, चकातून काढली की बिघडते. तीन जॉने दाबलेली रिंग दाबलेल्या अवस्थेत गोल कापली जाते, सोडल्यावर मूळ जागी परतते आणि बोअरला तीन फुगवटे येतात. यातला धोका असा, की तीन फुगवट्यांचं भोक दोन टोकांच्या गेजने कुठूनही मोजा, माप जवळपास सारखंच येतं. तीन टोकांचा बोअर गेज घातला की दोष उघडा पडतो. चकचं प्रेशर उतरवलं, रिंगेला जास्त भागावर धरणारे सॉफ्ट जॉ बोअर करून लावले.

१२.३०. डबा.

१.००. प्रेस शॉप. दोन मिलिमीटर सीआरसीए पत्र्याचा ब्रॅकेट, वाकवल्यावर कडेला चीर. डाय तीच, ऑपरेटर तोच. पत्र्याचा तुकडा उचलून तिरका धरला की लाटणीच्या बारीक रेघा दिसतात. पट्टीतून जास्त नग निघावेत म्हणून ब्लँकची दिशा फिरवली होती, त्यामुळे वाक आता रेघांना समांतर येत होता. पत्रा रेघांना आडवा वाकवला तर सहन करतो, समांतर वाकवला तर लवकर फाटतो. दुसरी गोष्ट, ब्लँकची बर वाकाच्या बाहेरच्या बाजूला होती. बाहेरची बाजू ताणली जाते आणि चीर बरीपासूनच सुरू होते. म्हणून बर आतल्या अंगाला ठेवायची. आणि एवढी बर आलीच कशी? पंच बोथट झाला होता, क्लिअरन्स वाढला होता. पंच धार लावायला पाठवला, ब्लँक पूर्वीच्या दिशेला आणला. पट्टीत वाचलेला पत्रा भंगारात गेलेल्या ब्रॅकेटपुढे काहीच नव्हता.

त्याच डायवर नवी कॉइल लावली तर ९० चा कोन ९१ च्या पुढे उघडला. पत्रा थोडा कडक आला, स्प्रिंग बॅक वाढला. डाय दुरुस्त करण्याआधी कॉइलचं सर्टिफिकेट काढून यील्डचा आकडा बघितला.

३.००. दुसरी पाळी आली. चेकशीट हातात दिली. आमच्या चेकशीटवर मापांच्या शेजारी आणखी रकाने आहेत: कूलंटचा आकडा, चक प्रेशर, टिप बदलल्याची वेळ, कॉइल नंबर, ब्लँकची दिशा, माप घेताना जॉब गार होता का. नागापुरातल्या लहान वर्कशॉपवाल्यांना माझं सांगणं एवढंच आहे: हे रकाने तुमच्या चेकशीटवर उद्याच छापून घ्या, आणि ते भरल्याशिवाय फर्स्ट पीसवर सही करू नका.