पोपटीत काय घालावं, काय वगळावं

डिसेंबर-जानेवारीत अलिबाग, पेण, रोह्याकडच्या शेतांतून संध्याकाळी धुराबरोबर ओव्याचा आणि भांबुर्ड्याच्या पाल्याचा वास येऊ लागला, की कुठेतरी पोपटी लागलेली असते. मातीच्या मडक्यात तळाला पाला, त्यावर वालाच्या शेंगा, बटाटे, रताळी, वांगी, वरून ओवा आणि जाडं मीठ. तेलाचा थेंब नाही की पाण्याचा. मडक्याचं तोंडही पाल्यानेच गच्च बंद होतं. मग ते जमिनीवर उपडं ठेवून भोवती पेंढा, काटक्या, गोवऱ्या रचतात आणि जाळ लावतात. अर्ध्या-पाऊण तासाने मडक्यावर पाणी शिंपडतात. थेंब चर्र करून उडून गेले, की पोपटी झाली.

या पद्धतीत मधेच आत डोकावता येत नाही. रोजच्या भाजीत आधी बटाटा टाकून मागाहून वांगं घालता येतं, मीठ चाखता येतं, कोरडी वाटली तर पाण्याचा हबका मारता येतो. इथे सगळ्या भाज्या एकाच वेळी आत जातात आणि एकाच वेळी बाहेर येतात. त्यामुळे पोपटीची निम्मी पाककला बाजारातच, भाजी निवडताना उरकलेली असते.

पहिला मान वालाच्या शेंगांचा. भाताची कापणी झाल्यावर जमिनीत उरलेल्या ओलीवर रायगडात वाल घेतला जातो आणि थंडीत त्याला शेंगा धरतात. पोपटीसाठी शेंग दाण्याने भरलेली, पण साल अजून हिरवी असलेली हवी. फार कोवळी घेतली तर ती आत सुकून जाते आणि हाती नुसती साल येते. जून घेतली तर दाणा पिठूळ, कोरडा लागतो. शेंगा सोलायच्या नाहीत, मोडायच्याही नाहीत. अखंड शेंगेतला दाणा स्वतःच्याच ओलाव्यावर, स्वतःच्याच वाफेत शिजतो. बाहेरून पाणी न घालताही पोपटी जमते, यामागे मुख्य हात शेंगेचा आणि ओल्या पाल्याचा.

रताळं मात्र या मडक्यात सर्वांत जास्त बदलतं. त्यातलं एक एन्झाइम साधारण 60 ते 75 अंश सेल्सियसच्या दरम्यान स्टार्चपासून माल्टोज नावाची साखर तयार करतं. रताळं सावकाश तापलं, तर या टप्प्यात ते जास्त वेळ राहतं आणि अधिक गोड होतं. म्हणूनच ते सालीसकट, अख्खं घालावं. फक्त हाताच्या मनगटाएवढं जाड रताळं नको. जाडी दुप्पट झाली, की उष्णता मध्यापर्यंत पोचायला साधारण चौपट वेळ लागतो. बटाट्यांनाही हाच नियम: लहान, पातळ सालीचे नवे बटाटे अख्खे, मोठे असतील तर चिरून. वांगी छोटी, मसाला भरलेली चालतात. कोनफळ घातलं तर रंगही देखणा येतो.

दुधी, काकडी, टोमॅटो यांना मात्र बाहेरच ठेवावं. त्यांच्यात 90 टक्क्यांहून अधिक पाणी असतं. ते सुटलं, की शेंगा भाजण्याऐवजी उकडतात आणि पोपटीचा खमंगपणा जातो. पालेभाज्यांचा तर बंद मडक्यात लगदाच होतो.

दक्षिण गुजरातेत वलसाडकडे उबाडियूही असंच मडक्यात होतं. पापडी, कंद, रताळी, बटाटे, म्हणजे निवड जवळपास तीच. फक्त हिरव्या मसाल्याचा भर अधिक. दोन शेजारी मुलखांनी एकच यादी पक्की केली, यात अनुभवाचं मोठं शहाणपण आहे.

शहरात मडकं आणि शेत नसलं, तरी झाकणाच्या जाड भांड्यात, ओव्हनमध्ये भाज्या एकत्र भाजताना हाच विचार कामी येतो. 180 अंशांवर तासभर राहणाऱ्या भांड्यात गाजर, बटाटा, सुरण, छोटे कांदे टिकतात. सुरणाने घसा खाजतो, म्हणून सुरण चिंचेच्या किंवा कोकमाच्या पाण्यातून काढून घ्यावा. फ्लॉवर, कोबी फार वेळ झाकून शिजवले तर गंधकाचा उग्र वास सुटतो. त्यांना शेवटच्या वीस मिनिटांत जागा द्यावी. टोमॅटोचा रस हवाच असेल, तर बटाटे आधी अर्धवट उकडून घ्यावेत. भाजीच्या पेशींना धरून ठेवणारं पेक्टिन आंबट रसात लवकर विरघळत नाही, आणि रश्शात बुडालेला बटाटा तासाभरानेही कचकचीत राहतो.

पोपटीचा हंगाम फार थोडा. फेब्रुवारी सरत आला, की वेलीवरच्या शेंगा वाळू लागतात आणि तोच वाल पुढे वर्षभर बिरड्यासाठी डब्यात जातो. तेव्हा जानेवारीत पेण-अलिबागच्या वाटेवर शेंगांचा ढीग दिसला, तर एखादी शेंग हातात घेऊन दाबून पाहावी. दाणा बोटाला लागला आणि साल हिरवी असली, तर खुशाल दोन किलो घ्याव्यात.