मँगॅनाइटांचे चुंबकत्व आणि ‘परिवलन’ ही संज्ञा

नागपूर व भंडारा जिल्ह्यांतील मनसर, चिखला, डोंगरी बुजुर्ग येथील मँगॅनीजचे धातुक मुख्यत्वे पोलादाच्या कारखान्यांकडे जाते. ह्याच मूलद्रव्याची मँगॅनाइट नामक ऑक्साइडे पदार्थविज्ञानात निराळ्याच कारणास्तव महत्त्वाची ठरली आहेत.

ह्या ऑक्साइडांच्या रचनेस ‘पेरोव्हस्काइट’ म्हणतात. 1839 मध्ये गुस्टाफ रोझे ह्यांनी उरल पर्वतातील एका खनिजास पेरोव्हस्की ह्या रशियन गृहस्थांचे नाव दिले. विशेषनामाचे पुढे सामान्यनाम झाले. घनाच्या कोपऱ्यांवर लँथॅनम, मध्यभागी मँगॅनीज व सहा पृष्ठांच्या मध्यांवर ऑक्सिजन, अशी तिची आदर्श मांडणी होय.

शुद्ध लँथॅनम मँगॅनाइट विद्युत्‌-निरोधक असतो. दहापैकी सुमारे तीन लँथॅनम अणूंच्या जागी स्ट्राँशियम घातले, की काही मँगॅनीज अणूंत एकेक इलेक्ट्रॉन उणा पडतो आणि शेजारचा इलेक्ट्रॉन ऑक्सिजनमार्गे तेथे जाऊ शकतो. परंतु दोन्ही मँगॅनीज अणूंची चुंबकीय दिशा एकच असेल तरच हे संक्रमण सुकर होते. म्हणून विद्युत्‌-वहन व चुंबकत्व तेथे जोडीनेच अवतरतात. हा उलगडा 1951 मध्ये झेनर ह्यांनी केला. बाह्य चुंबकक्षेत्राने अणूंच्या दिशा जुळविल्या, की विद्युत्‌-रोधही उतरतो. 1994 मध्ये कॅल्शियमयुक्त पातळ पटलांत ही घट प्रचंड आढळली.

इलेक्ट्रॉनाच्या ह्या दिशादर्शक गुणास मराठीत ‘परिवलन’ म्हणतात. शब्द सोयीचा खरा. पण त्याने भोवऱ्याचे चित्र उभे राहते, आणि ते फसवे आहे. इलेक्ट्रॉन स्वतःभोवती फिरत नाही. मापनात त्याच्या ह्या गुणाची दोनच मूल्ये मिळतात, एवढेच. अतिशीत स्ट्राँशियम मँगॅनाइटात प्रवाह जवळजवळ एकाच मूल्याचे इलेक्ट्रॉन वाहतात. अशा दोन थरांमध्ये अतिपातळ निरोधक ठेविला, तर चुंबकदिशा समांतर असता प्रवाह सुलभ होतो, विरुद्ध असता रोधला जातो. ह्या दोन अवस्थांत माहितीचे एकक साठविता येते.

अडचण तापमानाची आहे. कॅल्शियमयुक्त प्रकाराचे लोहचुंबकत्व शून्याखाली सुमारे 20 अंश सेल्सिअसलाच लोपते. नाचणगावच्या हिवाळ्यातही तो चुंबक राहावयाचा नाही. स्ट्राँशियमयुक्त प्रकार सुमारे 95 अंशांपर्यंत टिकतो, म्हणजे वर्धा जिल्ह्याचा उन्हाळा त्यास सहज सोसवतो. मात्र इलेक्ट्रॉनांची निवड करण्याचा त्याचा गुण, विशेषतः पृष्ठभागी, नेहमीच्या खोलीतील तापमानालाच पुष्कळ क्षीण झालेला असतो.