साखळीवरच्या खेळांची आठ वर्षं

ब्लॉकचेनवर, म्हणजे नोंदींच्या साखळीवर, खेळही खेळता येतो, हे बहुतेकांना कळलं नोव्हेंबर 2017 मध्ये, क्रिप्टोकिटीजमुळे. डिजिटल मांजरं विकत घ्यायची, पिल्लं काढायची, विकायची. डिसेंबरात इतकी झुंबड उडाली की इथेरियमचं जाळंच तुंबलं. पण पिल्लू जन्मलं की भाव बघण्यापलीकडे त्यात करण्यासारखं काही नव्हतं. त्याच वर्षी मुंबईत मॅटिक या जाळ्याचं काम सुरू झालं, आजचं पॉलिगॉन. त्याने व्यवहार स्वस्त केले. खेळाची गोडी मात्र स्वस्ताईने येत नाही.

2021 मध्ये व्हिएतनामच्या स्काय मेव्हिसचा ॲक्सी इन्फिनिटी फिलिपिन्समध्ये घरोघरी पोचला. खेळायला तीन प्राणी लागत, त्यांना शेकडो डॉलर पडत. पैसे नसणाऱ्याला दुसरा कुणी आपले प्राणी वापरायला देई आणि कमाईत वाटा घेई. मुरबाडच्या शेतकऱ्याला हे समजावून सांगायला नको. अर्धलीने शेत कसण्याचाच हा प्रकार. पण भाताला खाणारं तोंड असतं. खेळून मिळणाऱ्या एसएलपी या टोकनला गिऱ्हाईक मिळे ते नवे खेळाडू येत राहिले तरच. 30 सेंटच्या वर गेलेला त्याचा भाव 2022 च्या मध्यात एका सेंटखाली आला. त्याआधी मार्चमध्ये स्काय मेव्हिसच्या रोनिन नेटवर्कवर 60 कोटी डॉलरहून मोठा दरोडा पडला होता. रोजीसाठी आलेली माणसं रोजी आटताच निघून गेली. त्यांचा काय दोष?

आपल्याकडे एप्रिल 2022 पासून अशा टोकनांच्या नफ्यावर 30 टक्के कर लागला आणि ऑगस्ट 2025 च्या कायद्याने पैसे लावून जिंकण्याच्या ऑनलाइन खेळांवर बंदीच आली. मला हे बरंच वाटतं. आता बनवणाऱ्याला खेळाकडेच बघावं लागेल.

सुरुवातीला या खेळांचा उंबरठाच फार उंच होता. आधी वॉलेट काढा, त्याची किल्ली म्हणून बारा इंग्रजी शब्द कागदावर उतरवा, तो कागद हरवला तर सगळंच गेलं. आसनगावहून लोकल पकडणारं पोरगं एवढ्या वेळात दुसऱ्या खेळात दोन डाव संपवतं. एप्रिल 2022 मध्ये ॲक्सीने सुरुवातीचे प्राणी फुकट दिले. पिक्सेल्स हा शेतीचा खेळही आला. ब्राउझर उघडा, पेरा, पाणी घाला, तोडणी करा. वॉलेटचं नंतर बघू. खेळाडूला आधी रमू द्यावं, एवढं उमजायला अर्धं दशक गेलं!

खेळात विकत घेतलेली वस्तू कायमची आपली, हा मालकीचा मुद्दाही तपासायला हवा. एफ-वन डेल्टा टाइम या शर्यतीच्या खेळातली एक गाडी 2019 मध्ये लाखभर डॉलरला गेली. मार्च 2022 मध्ये खेळच बंद झाला. नोंद साखळीवर राहिली, गाडी चालवायला रस्ता उरला नाही.

भातकापणी उरकली की शहापूरकडे मोकळ्या खाचरांत टेनिस बॉलचे सामने लागतात. उन्हात माणसं तासन्‌तास उभी राहतात, चुरशीसाठी आणि आपल्या पाड्याच्या नावासाठी. इथल्या पोरांसाठी कुणी साखळीवर खेळ बांधणार असेल, तर त्याने आधी असा सामना द्यावा: मराठीत, साध्या फोनवर, तुटक्या नेटवर्कवरही चालणारा. टोकनचं नाव काढू नये. साखळीवर नोंदायचंच असेल, तर सामना कुणी काढून दिला ते गावाच्या नावासकट नोंदावं.